काकड्यादादाचा थांबलेला पेला

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक पेला ठेवला आहे. पोट फुगीर, तोंड जरा आवळलेलं. आत काकवीच्या रंगाची बिअर आणि वर बोटभर जाड, पिवळट फेस. ही स्कॉच एल. मूळची स्कॉटलंडकडची. हिच्यात कडवटपणा नावाला असतो, सगळा भर माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या आणि भाजलेल्या जवावर. तुम्हाला ती प्यायची नाही, चाखायची आहे. पेला उजेडासमोर धरा. कडेला लालसर झाक दिसेल. नाक पेल्याच्या तोंडाशी न्या, आधी एक छोटा श्वास, मग थांबून एक मोठा. आता घोट घ्या. अगदी चिमणीएवढा नको, जिभेच्या दोन्ही बाजूंना पोचेल एवढा घ्या. तोंडात फिरवा, गिळा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडा.

आता समोरच्या कागदावर लिहा, काय लागलं.

‘छान आहे’ असं लिहिलंत तर नापास. ‘गोड आहे’ लिहिलंत तरी नापासच. गोड कसं? उसाच्या रसासारखं, की साखर करपल्यासारखं, की पिकल्या केळ्यासारखं? बहुतेक माणसं इथे अडकतात. तोंडाला सगळं कळलेलं असतं, पण शब्द सापडत नाही. मी फूड टेक्नॉलॉजी शिकून आलो होतो, मला इंग्रजी शब्दांची यादी पाठ होती, तरी माझं पेन कागदावर टेकून तसंच राहायचं.

तलासरीच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत, आमचा बिअरचा छोटा कारखाना होता. तिथल्या चव घेणाऱ्यांच्या टेबलावर काकड्या दुमाडा माझ्या शेजारी बसायचा. आम्ही सगळे त्याला काकड्यादादा म्हणायचो. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, उजवा पाय जरा ओढत चालणारा. त्याचं रोजचं काम पिंपं धुण्याचं. स्टीलची रिकामी पिंपं हॉटेलांतून परत आली की ती गरम पाण्याने धुवायची, उलटी लावायची, वाळली की आत पाठवायची. चव घेण्याचं काम त्याने मागून घेतलं होतं.

का मागून घेतलं, ते आधी सांगतो.

काकड्यादादा ताडी काढणारा. बापही तेच करायचा. पाड्याच्या वरच्या बाजूला त्यांच्या वाट्याचे ताड होते. पहाटे चढायचं, मडकी उतरवायची, कोयत्याने नवा काप द्यायचा, पुन्हा बांधायची. त्याच्या ताडीला आजूबाजूच्या पाड्यांवर नाव होतं. कुठला ताड गोड देतो, कुठल्याची ताडी लवकर चढते, हे विचारायला लोक त्याच्याकडे यायचे. लग्न असलं की आदल्या दिवशी मडकी त्याच्यापुढे यायची आणि तो घोट घेऊन सांगायचा, ही आधी वाढा, ती दुपारी. २०१४ साली तो ताडावरून पडला. पाय जुळला, पण आखूड जुळला. ताड धाकट्या भावाकडे गेले. भाऊ चांगला होता, ताडी घरी पाठवायचा, पण विचारायला येणारे लोक आता भावाकडे जायला लागले.

त्याची बायको भिकी मला एकदा म्हणाली होती, “पाय मोडला त्याचं ह्याला काय नाय वाटलं. लग्नात मडकं पुढे आलं नाय, त्या दिवशी हा जेवला नाय.”

कारखान्यात लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इथे काही माणसं दर दोन-चार दिवसांनी एका खोलीत बसतात, पेले हुंगतात आणि त्यांनी काय लिहिलं त्यावर माल बाहेर जायचा की नाही ते ठरतं. तो ओल्या बुटांनीच निलम मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिला.

निलम सावे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. चिंचणीच्या. बोलायला मोकळ्या, कामाला कडक. त्यांनी त्याची चाचणी घेतली. तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. काकड्यादादा सपशेल चुकला. त्याने पुन्हा मागितली. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा मॅडमनी विचारलं, बिडी कधी ओढली होती? तो म्हणाला, आत्ताच, दारात उभं राहायची भीती वाटत होती म्हणून.

मॅडमनी अट घातली. बिडी बंद. चव घ्यायच्या दिवशी सकाळी सुकट-बोंबील बंद. सहा महिने बघू, जमलं तर कायम.

त्याने बिडी सोडली. भिकीने हे साऱ्या पाड्यात सांगितलं, पण कौतुकाने नव्हे. “वीस वर्सं मी बोंबलतेय, बिडी सोड, बिडी सोड. माझ्या तोंडाला किंमत नाय. बाटलीवाल्या बायने एकदा सांगितलं तर सोडली.”

बिडी सुटल्यावर त्याची जीभ उघडली. चाखताना तो ताडीचीच भाषा वापरायचा. एखादी बिअर ताजी, हलकी असली की म्हणायचा, सकाळची आहे. जरा आंबूस असली तर, उन्हं चढली हिच्यावर. फारच आंबली असेल तर, ही दुपारची, हिला आता सासऱ्यापुढे नेऊ नका. पहिल्या महिन्यात आम्ही हसायचो. मग माझ्या लक्षात आलं, की मीही मनात तसंच म्हणायला लागलोय आणि मला कागदावर लिहायला सोपं जातंय. मॅडमनी तर नव्या मुलींना शिकवताना ‘सकाळची’ आणि ‘दुपारची’ हे शब्द वापरायला सुरुवात केली.

पण तो सगळ्यात हुशार होता असं मी म्हणणार नाही. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, घातलेली कडू बिअर त्याला कधीच वाचता आली नाही. मोसंबीच्या सालीचा वास असो की गवताचा, त्याच्या कागदावर एकच शब्द, कडुलिंब. आणि तो संथ होता. शाळा सातवीत सुटलेली, अक्षरं जुळवायला वेळ लागायचा. दोनदा तर मॅडमनी कागद गोळा केले तेव्हा त्याचा अर्धा कोराच होता. शेवटी त्यांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “दादा, मला तुमची जीभ पाहिजे. पण कोऱ्या कागदाचं मी काय करू? दिवाळीच्या आत मला ठरवायचंय. आणखी एकदा असं झालं तर तुम्ही पिंपांकडेच बरे.”

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे येऊन भराभर लिहायचा सराव करायचा. आंबट, तुरट, जळका, पिकलेला. चिमण त्याला चिडवायचा, “काय दादा, तलाठ्याची परीक्षा देतोस काय?” चिमण आगर गावचा, मशीन चालवायचा, तोही आमच्या टेबलावर असायचा. त्याची चव चांगली होती, फक्त त्याला गप्प बसता यायचं नाही.

याच सुमारास, २०१८चा पावसाळा सरता सरता, आम्ही पहिल्यांदा स्कॉच एल केली. हिची एक जुनी रीत आहे. माल्ट गरम पाण्यात भिजवून जो पहिला दाट रस निघतो, त्यातला थोडा वेगळा काढून उकळत ठेवायचा, उकळत ठेवायचा, पार चिकट होईपर्यंत, आणि मग उरलेल्या रसात परत घालायचा. त्या दिवशी सगळ्या कारखान्यात वास सुटला होता. पिंपं धुता धुता काकड्यादादा हात पुसत दारात येऊन उभा राहायचा. त्याची आई नीरा उकळून ताडगूळ करायची म्हणे. तो म्हणाला, तेव्हाही मला कढईपासून हाकलायचे, इथेही हाकलताय.

मग ती बिअर थंड टाकीत कित्येक आठवडे मुरत पडली. आणि दिवाळीच्या अगदी तोंडावर तिची पहिली चव घ्यायचा दिवस आला.

त्या दिवशी नविनभाई स्वतः आले. नविनभाई आमचे मालक. सत्तरी ओलांडलेले, डहाणूचे, तीन पिढ्यांच्या चिकूच्या वाड्या असलेले. मुलाच्या हट्टापायी बिअरमध्ये पैसा घातला होता, पण स्वतः थेंबाला शिवायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, हलवाई कुठे पेढे खातो? एरवी ते चव घेण्याच्या खोलीत कधीच यायचे नाहीत. पण या बिअरला वेळ आणि माल्ट दोन्ही फार लागले होते. ही बाजारात न्यायची की इथेच थांबायचं, ते त्यांना स्वतः बसून ऐकायचं होतं. ते टेबलाच्या टोकाला बसले. त्यांच्यापुढेही एक पेला ठेवला गेला, मान म्हणून.

पेले आले. थंडगार, बाहेरून घाम सुटलेले. आम्ही सुरुवात केली. मी हुंगलं, फारसं काही आलं नाही. घोट घेतला. गोडसर, जड, आणि मग काहीच नाही. मी लिहिलं, गोडसर, सपक. इतरांचीही पेनं भराभर चालत होती आणि थांबत होती.

काकड्यादादाने पेला उचलला होता, पण तोंडाला लावला नव्हता. दोन्ही तळव्यांत धरून बसला होता, मडकं धरावं तसा. मी त्याला कोपराने ढोसलं. त्याने मान हलवली. वेळ संपत चालला होता. मी पुन्हा ढोसलं, घड्याळाकडे बोट केलं. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. त्याची नजर टेबलाच्या टोकाला होती.

मॅडम कागद गोळा करत आमच्यापर्यंत आल्या. त्याचा कागद पांढरा शुभ्र. नाव तेवढं लिहिलेलं.

“दादा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हे काय?”

काकड्यादादा उभा राहिला. “नवं आहे ना, मॅडम.”

“मग?”

“मोठ्यांनी अजून तोंड लावलं नाय.”

खोलीत कुणालाच पटकन काही कळलं नाही. मग त्याने अडखळत सांगितलं. त्यांच्याकडे नवं भात असो, नवी काकडी असो, की पहिल्यांदा ताडी देणारा ताड असो, घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी तोंड लावतं. तोवर बाकीच्यांनी ओठाला लावायचं नाही. आजवर टेबलावर यायच्या त्या नेहमीच्या बिअरी होत्या, त्यांचं नवं कधीच होऊन गेलेलं. ही पहिलीच. आणि शेठ बसलेत समोर. शेठनी पेला उचलला नाही, तर तो कसा उचलणार?

चिमण म्हणाला, “अरे दादा, शेठ या जन्मात उचलायचे नाहीत. तू पुढच्या जन्मी लिहिशील काय?”

सगळे हसले. काकड्यादादा हसला नाही. त्याला माहीत होतं, की तो कोरा कागद म्हणजे काय. तरी त्याने पेला खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही.

नविनभाईही हसत होते, मग हसायचे थांबले. “हूं तो पीतो नथी, भाई,” ते म्हणाले. “माझ्या बापाला शब्द दिलाय, थेंब नाय घेणार. फक्त वास घेतला तर तुझं चालेल?”

काकड्यादादाने विचार केला. “चालेल, शेठ. देव पण वासच घेतो.”

नविनभाईंनी आपल्यापुढचा पेला उचलला. इतका वेळ तो तसाच पडून होता, बाहेरचा घाम वाळून गेला होता. त्यांनी नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. मग म्हणाले, “हा तर चिकू आहे. आपल्या वाडीचा. पिकून एक दिवस वर गेलेला, पेटीत तळाशी राहतो ना, तो.”

मी माझा पेला उचलून हुंगला. अर्धा उरलेला, आता कोमट होत आलेला. आणि खरंच चिकू होता. मऊ, तपकिरी सालीच्या आतला. त्याच्यामागे भाजलेल्या पावाची कड, त्याच्यामागे गूळ उकळताना वर येतो तो वास. मघाशी थंडीत हे सगळं दार लावून बसलं होतं.

निलम मॅडमनी पेल्याला हात लावून पाहिला आणि चिमणकडे वळल्या. “मी सांगितलं होतं ना, ही एक तास आधी बाहेर काढून ठेवा.”

“काढली होती की,” चिमण म्हणाला. “मग शेठ येणार कळलं. शेठसमोर गरम बिअर ठेवायची? कसं दिसेल? परत आत ठेवली.”

“गरम नाही रे बाबा. ही थंडीत मुकी होते.” त्यांनी गोळा केलेले सगळे कागद उभे फाडले आणि नवे वाटले. “पुन्हा लिहा. सावकाश.”

आता काकड्यादादाने घोट घेतला. मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याने तो घोट एवढा वेळ तोंडात ठेवला, की मला वाटलं गिळायला विसरला. मग नाकाने श्वास सोडला आणि लिहायला लागला. चिकू लिहिलं. ताडगूळ लिहिलं. भाजलेलं, त्यापुढे कंसात ‘जळकं नाय’. मग पेन थांबलं. पुन्हा घोट. मग त्याने लिहिलं, धूर.

मॅडमनी कागद वाचले. धूर कुणाच्याच कागदावर नव्हता, त्यांच्या स्वतःच्याही नाही. त्या त्याच्याजवळ आल्या. टेबलावर एक नियम आहे, तो त्यांनी पुन्हा समजावला. सगळ्यांना जे लागत नाही ते एकालाच वारंवार लागायला लागलं, तर त्या माणसाला टेबलावर ठेवता येत नाही. त्यात दिवाळी तोंडावर. “खोडायचं असेल तर आत्ता खोडा,” त्या म्हणाल्या. “नीट आठवा. आहे का?”

“आहे, मॅडम.”

“कसला?”

“चुलीवरच्या माळ्यावर बियाणं टांगतो ना आम्ही. पावसाळा गेला की खाली काढतो. त्याला असतो. धूर नाय म्हणजे, धुराची आठवण.”

“नक्की?”

“मना लागला. तुम्हांना नाय लागला तर मी काय करू?” हे बोलताना त्याचा आवाज पडला होता, पण हात कागदावर पालथा होता. कुणी खोडू नये म्हणून.

पुढच्या काही दिवसांत मॅडमनी त्याची तीच जुनी चाचणी घेतली, तीन पेल्यांची. एकात स्कॉच एल, दोनांत तशाच रंगाची दुसरी काळसर बिअर. पेले रंगीत काचेचे, म्हणजे डोळ्यांनी काही कळू नये. विचारायचं एकच, धूर कशात? रोज एकदा, सकाळी, पिंपं धुवायच्या आधी. भिकी रोज संध्याकाळी विचारायची, आज धूर निघाला काय? आणि रात्री चुलीपाशी बसायला त्याला बंदी होती, नाकात घरचा धूर भरू नये म्हणून. ही बंदी मॅडमनी नव्हे, भिकीनेच घातली होती. तो ओटीवर बसून जेवायचा. एकदा तो चुकला, आणि त्या दिवशी त्याने एकही पिंप धड धुतलं नाही, सगळी चिमणने पुन्हा धुतली, न बोलता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण चिमण न बोलता काही करतो असं मी आधी किंवा नंतर पाहिलं नाही. बाकी सगळ्या दिवशी काकड्यादादाने बरोबर पेल्यावर बोट ठेवलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी मॅडमनी भिंतीवरच्या, चव घेणाऱ्यांच्या यादीत त्याचं आजवर पेन्सिलीने असलेलं नाव शाईने लिहिलं. तो यादीसमोर उभा राहिला, वाचलं, आणि पिंपं धुवायला गेला. त्या रात्री पाड्यावर कुणाचं तरी मडकं त्याच्यापुढे आलं का, ते मी विचारलं नाही. भिकीने मात्र दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठीही चवळीची भाजी पाठवली होती.

स्कॉच एल बाजारात गेली. थोडीच केली होती, थोडीच खपली, पण ज्यांनी घेतली त्यांनी पुन्हा मागितली. नविनभाईंनी हॉटेलवाल्यांना निरोप पाठवला, ही बर्फाच्या पेटीत ठेवायची नाही. काही जणांनी ऐकलं.

आता २०१९ संपत आलंय. दुसरी खेप करताना मॅडमनी यीस्ट बदलून पाहिलं, कारण कधीकधी यीस्टच असा वास सोडतं. काकड्यादादाला धूर लागलाच, जरा पातळ. मी पाणी तपासलं, काही सापडलं नाही. आमची टाकी वाफेवर तापते. माल्ट लांब उत्तरेकडून येतो. पुरवठादाराने कळवलं, की आम्ही तो गरम हवेवर भाजतो, लाकूड वापरत नाही. मॅडमनी पुस्तकं काढली, त्यांत दोन लेखक म्हणतात, या बिअरला असा किंचित धूर असतोच, आणि तिसरा म्हणतो, हा चाखणाऱ्याचा भास आहे. हे मी काकड्यादादाला वाचून दाखवलं. तिसऱ्या लेखकाचं ऐकूनही तो रागावला नाही.

मग त्याने पेला उचलला, दोन्ही तळव्यांत धरला, हुंगला, आणि गेल्या वर्षभरात मला, मॅडमना, माल्ट घेऊन येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही विचारून झालेला प्रश्न परत विचारला.

“लाकूड नाय, गोवरी नाय, चूल नाय. मग धूर आला कुठून?”